ड्रॅग रेसिंगला मॅन्युअल का ऑटोमॅटिक? आधी पहिले ६० फूट बघा

पुण्यात नाहीतर नाशकात मारुती आठशेवर गाडी शिकलेल्या माणसाला ऑटोमॅटिक गाडी मॅन्युअलपेक्षा फास्ट असू शकते हे पटवणं फार अवघड जातं. आपल्या डोक्यात ऑटोमॅटिक म्हणजे ट्रॅफिकची गाडी, डावा पाय दुखतो म्हणून घेतलेली, आणि खरा ड्रायव्हर कोण तर क्लच-गिअरवाला. इकडे अमेरिकेत आल्यावरही मस्टँग घ्यायची तर मॅन्युअलच असं घरूनच ठरवून शोरूममध्ये जाणारे आपले कितीतरी जण आहेत. मग पहिल्यांदा ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे दोन गाड्या शेजारी उभ्या करून सरळ रेषेत पळवायच्या ट्रॅकवर जातात, शेजारच्या लेनमधली सेम इंजिनची ऑटोमॅटिक गाडी अर्ध्या सेकंदाने पुढे निघून जाते आणि मग सुरू होतं, माझा तिसरा नीट पडला नाही, शिफ्ट लेट झाली, वगैरे वगैरे. शिफ्टचा दोष असतो थोडा, नाही असं नाही, पण माझं मत विचाराल तर निम्म्याहून जास्त फरक पहिला गिअर बदलायच्या आधीच पडून गेलेला असतो. लढाई मॅन्युअलचा क्लच विरुद्ध ऑटोमॅटिकमध्ये त्याच्या जागी असणारा टॉर्क कन्व्हर्टर अशी आहे, गिअर टाकणाऱ्या हाताची पाळी नंतर येते.

हे एकदा डोक्यात बसलं की काय घ्यायचं, कसं चालवायचं, पैसे कुठे घालायचे हे सगळं सोपं होतं, म्हणून त्याच क्रमाने लिहितोय.

आधी ट्रॅक आणि ती कागदाची चिठ्ठी

पूर्ण ट्रॅक पाव मैल, म्हणजे १३२० फूट, आपल्या हिशोबात ४०२ मीटर. सुरुवातीला दोन लाइटचे किरण असतात, पुढचा टायर पहिल्यात आला की प्री-स्टेज, अजून थोडा सरकला की स्टेज. समोर तो दिव्यांचा खांब, त्याला ख्रिसमस ट्री म्हणतात, १९६३ पासून वापरात आहे, त्याआधी एक माणूस झेंडा घेऊन उभा असायचा. साध्या दिवशी तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागतात आणि मग हिरवा. प्रो ट्रीला तिन्ही पिवळे एकदम आणि ०.४ सेकंदात हिरवा.

नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो. तुमची ईटी, म्हणजे पाव मैलाची वेळ, हिरवा लागल्यावर सुरू होत नाही, तुमचा टायर स्टेजच्या किरणातून बाहेर पडला की सुरू होते. हिरवा लागल्यावर दोन सेकंद डुलकी काढून निघालात तरी ईटीत काही फरक पडत नाही, फक्त शेजारचा जिंकून घरी गेलेला असेल. म्हणून शिकायला जाल तेव्हा रिअ‍ॅक्शन टाइमच्या मागे लागू नका, लाइट बघा, शांतपणे सोडा. आणि स्टेजचा दिवा जेमतेम लागला की तिथेच थांबा, पुढे ढकलू नका, म्हणजे घड्याळ सुरू व्हायच्या आधी गाडीला काही इंच फुकटचे मिळतात.

आमच्या न्यू जर्सीत यासाठी एंग्लिशटाउनचं रेसवे पार्क होतं, एडिसनच्या आपल्या मंडळींना अर्ध्या तासावर. २०१८ च्या जानेवारीत त्यांनी ड्रॅग रेसिंग बंद केलं, आता ग्रेट मेडोजला आयलंड ड्रॅगवे नाहीतर पेनसिल्व्हेनियात मेपल ग्रोव्ह. टेस्ट अँड ट्यूनच्या, म्हणजे कुणीही येऊन सराव करायच्या दिवशी पैसे भरायचे, गाडी तपासून घ्यायची आणि लाइनीत उभं राहायचं, रेसिंगचं वेगळं लायसन्स वगैरे लागत नाही तुमची गाडी साधी असेल तर, नेहमीचं ड्रायव्हिंग लायसन्स पुरतं. हेल्मेट मात्र न्या, एनएचआरएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगच्या मुख्य संघटनेच्या नियमाने १३.९९ किंवा त्याहून कमी वेळ येणाऱ्या गाडीला ते लागतंच आणि आजकालच्या बऱ्याच गाड्या कंपनीतूनच त्यात बसतात.

रन संपला की रिटर्न रोडवर एक चिठ्ठी मिळते, टाइमस्लिप. तिच्यात ६० फूट, ३३० फूट, अर्धा ट्रॅक, १००० फूट आणि शेवट, अशा वेळा असतात. उदाहरण म्हणून समजा एकाच इंजिनच्या दोन गाड्यांचे हे आकडे:

मॅन्युअल: ६० फूट २.०५, अर्धा ट्रॅक ८.३०, शेवट १२.६८, स्पीड ११४ मैल.
ऑटोमॅटिक: ६० फूट १.८५, अर्धा ट्रॅक ७.८८, शेवट १२.२२, स्पीड ११५ मैल.

शेवटचा स्पीड जवळपास सारखा, म्हणजे ताकद सारखीच पोचतेय. फरक शेवटी ०.४६ सेकंदांचा, त्यातला ०.२० पहिल्या ६० फुटांत, अर्ध्या ट्रॅकपर्यंत ०.४२, आणि पुढच्या अख्ख्या अर्ध्या ट्रॅकमध्ये फक्त ०.०४. रेसवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे की ६० फुटांत एक दशांश वाचवला तर शेवटी दीड ते दोन दशांश वाचतात. म्हणजे ०.२० चे निदान ०.३० झाले. उरलेले दीड-पावणेदोन दशांश गिअर बदलण्याचे. चिठ्ठी अशी वाचायची, नुसता शेवटचा आकडा बघून मित्रांना पाठवायची नाही.

पहिल्या ६० फुटांत होतं काय

मॅन्युअलमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच प्लेट. ती एकतर घासते नाहीतर चिकटते. घासत असेल तेव्हा इंजिनचा जेवढा टॉर्क तेवढाच पुढे जातो, वाढून काही जात नाही, आणि घासण्यात उष्णता वाया. एकदम चिकटली तर फिरत्या फ्लायव्हीलमध्ये साठलेली सगळी ताकद एका झटक्यात टायरवर आदळते, मग तीनपैकी एक होतं: टायर फिरतो, नाहीतर इंजिन घुसमटून खाली बसतं, नाहीतर टायरने पकडलंच तर अ‍ॅक्सल तुटतो. मॅन्युअलवाल्याला या तिन्हींच्या मधली जी बारीक फट आहे ती दर वेळी डाव्या पायाने शोधायची असते, आणि तीही क्लच गरम झाला की जागा बदलते.

ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर. समोरासमोर ठेवलेले दोन पंखे, एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरतो, तसं हे, फक्त हवेऐवजी तेल. पण खरी गंमत मधल्या तिसऱ्या चाकात आहे, स्टेटर. दुसऱ्या पंख्यावरून परत येणारं तेल तो योग्य दिशेने वळवतो आणि त्यामुळे गाडी उभी असताना इंजिनच्या टॉर्कच्या साधारण दुप्पट टॉर्क गिअरबॉक्सला मिळतो. गाडी स्पीड पकडत गेली की ही वाढ आपोआप कमी होत जाते. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त ढकलायची गरज तिथे फुकटचा जास्तीचा गिअर मिळाल्यासारखं, आणि वर तेल असल्यामुळे झटका मऊ, टायरला सावकाश वजन घेता येतं.

मग ऑटोमॅटिक जुन्या काळी हळू का होती? कारण कन्व्हर्टर घसरतो. वरच्या गिअरमध्ये इंजिन जेवढं फिरतं तेवढं पुढे जात नाही, तेल तापतं, आत पंप ताकद खातो. दोन-तीनच गिअर, गाडी साध्या माणसासाठी ट्यून केलेली. आता कन्व्हर्टरचं घसरणं बंद करणारा लॉकअप क्लच आला, आठ-दहा गिअर आले, आणि एक गिअर सोडता सोडता दुसरा पकडतो त्यामुळे ताकद तुटतच नाही. जुन्या तक्रारी ऐकून आजची गाडी ठरवणारे लोक बघितले की हसू येतं.

मॅन्युअल असेल तर लॉन्च असा करा

टायरपासून सुरू करू, कारण साध्या रस्त्याच्या टायरवर मॅन्युअल लॉन्च म्हणजे बहुतेक वेळा धूरच. मागे ड्रॅग रेडियल (ड्रॅगसाठीचा चिकट रेडियल टायर) किंवा स्लिक (बिननक्षीचा रेसचा टायर) लावा. मॅन्युअलला मी स्लिककडे झुकेन, त्याची बाजू मऊ असते, क्लचचा झटका आला की सुरकुतते आणि झटका पिऊन टाकते. रेडियल ताठ असतो, त्याला एकदा फिरायला लागला की परत पकड मिळत नाही. हवा टायरवाल्याने सांगितलेल्या आकड्यापासून सुरू करून एक-एक पौंडाने कमी-जास्त करायची, कुणाचं ऐकून एकदम दहावर नेऊ नका.

बर्नआऊटला पाण्याच्या डबक्यातून पुढे या, डबक्यात उभं राहून चाकं फिरवली की चाकाच्या कमानीत पाणी भरतं आणि ते स्टार्ट लाइनवर ठिबकतं, मागचे सगळे शिव्या देतात. साध्या टायरवर असाल तर डबक्याला वळसा घालून जा, पाणी त्या नक्षीत अडकतं. पुढचे ब्रेक धरून मागची चाकं सोडायला लाइन लॉक लागतं, २०१५ च्या मस्टँग जीटीत फोर्डने ते कंपनीतूनच दिलं. दुसऱ्या गिअरमध्ये करा, पहिल्यात चाकाला पुरेसा स्पीड येत नाही आणि इंजिन लिमिटरवर आपटत बसतं. थोडा धूर दिसला की बास, पाच-सहा सेकंद धूर काढायचा तो प्रेक्षकांसाठी असतो.

आता स्टेज. क्लच पूर्ण दाबलेला, पहिला गिअर, पुढचं टायर प्री-स्टेजला. इथे एक श्वास घ्या. मग हँडब्रेक किंवा लाइन लॉक धरून जेमतेम स्टेज. टू-स्टेप लिमिटर असेल तर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि इंजिन ठरवलेल्या आरपीएमवर तडतडत थांबतं. नसेल तर पायाने धरावं लागतं. किती आरपीएम? रस्त्याच्या टायरवर ३००० च्या आसपास सुरू करा, स्लिकवर ४५०० च्या वर. पहिल्या रनला मुद्दाम कमी ठेवा. गाडी बसली तर पुढच्या वेळी ३०० ने वाढवा, फिरली तर ३०० ने कमी करा. यात काही जादू नाही, चिठ्ठीवरचा ६० फुटांचा आकडा जे सांगेल ते ऐकायचं.

क्लच सोडताना पाय बाजूला सरकवून एकदम सोडणं हे फक्त स्लिक, मजबूत अ‍ॅक्सल आणि हलकी गाडी असेल तर. बाकी सगळ्यांनी क्लच पकडायला लागतो तिथपर्यंत पेडल भर्रकन आणायचं, तिथे क्षणभर घासू द्यायचं आणि मग सोडायचं. तो क्षण म्हणजे अर्ध्या सेकंदापेक्षा कमी, पण सगळा खेळ तोच. मागून धडधड-धडधड असा हादरा आला तर तो व्हील हॉप, २०१५ नंतरच्या स्वतंत्र सस्पेन्शनवाल्या मस्टँगला तो नेहमीचा. लगेच पाय काढा. हट्टाने दाबून धरलात तर हाफ शाफ्ट गेला म्हणून समजा, आणि मग टो ट्रकच्या खर्चात पुढच्या सीझनची एंट्री फी निघाली असती.

पैसे घालायचे असतील तर क्लचच्या सुटण्याचा वेग कमी करणारं हायड्रॉलिक उपकरण मिळतं, ते पेडल सोडल्यावर क्लच किती जोरात आणि किती हळू चिकटेल हे नॉबने ठरवू देतं. मॅन्युअलमध्ये हॉर्सपॉवरवर खर्च करायच्या आधी मी हे लावेन.

गिअर बदलण्याचा हिशोब

आता हाताची पाळी. एक सोपा हिशोब करून दाखवतो. गिअर बदलताना समजा ०.२ सेकंद ताकद तुटली. त्या वेळात गाडी उभी राहत नाही, त्याच स्पीडने पुढे जातच असते, म्हणून पूर्ण ०.२ जात नाहीत. जातो तो वेळ साधारण असा: तुटलेला वेळ गुणिले, १ वजा बदलतानाचा स्पीड भागिले शेवटचा स्पीड. २०१८ नंतरची सहा गिअरची मस्टँग जीटी घ्या, पहिला ३.२४, दुसरा २.१०, तिसरा १.४२, मागचा अ‍ॅक्सल ३.७३ चा, टायर २७ इंची, रेडलाइन ७५००. पहिला संपतो ५० मैलांच्या आसपास, दुसरा ७७ ला. शेवट ११५. मग पहिला ते दुसरा या बदलात गेले ०.११, दुसरा ते तिसरा यात ०.०७. एकूण ०.१८. वरच्या चिठ्ठीत शिफ्टच्या नावावर उरले होते तेवढेच जवळपास.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, प्रॅक्टिस करायची तर पहिला ते दुसरा हीच करा, नंतरचे बदल स्वस्त असतात. दुसरी गोष्ट जरा मजेशीर आहे. तिसरा गिअर २७ इंची टायरवर ११४ मैलांना संपतो, म्हणजे रेषेच्या अगदी तोंडाशी चौथा टाकावा लागतो, तिथे घाईत हात चुकतात. २८ इंची टायर लावला तर तिसरा ११८ पर्यंत जातो आणि चौथा टाकायची गरजच संपते. २६ इंची लावला तर ११० ला संपणार. टायर निवडताना दिसण्यापेक्षा हे बघा. सूत्र लिहून ठेवा: आरपीएम गुणिले टायरचा इंचातला व्यास, भागिले ३३६, भागिले गिअर, भागिले अ‍ॅक्सल, उत्तर मैलात.

पॉवरशिफ्ट म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न सोडता क्लच मारून गिअर ओढणं. ०.२ चा ०.१ होतो, म्हणजे वरच्या हिशोबाने शेवटी नऊ-दहा शतांश वाचले. त्याच्या बदल्यात सिंक्रोनायझर झिजतात. काही नव्या मॅन्युअल गाड्यांमध्ये कॉम्प्युटरच शिफ्टच्या वेळी इंजिन सांभाळतो, नो-लिफ्ट शिफ्ट, तशी असेल तर बिनधास्त वापरा. नसेल आणि त्याच गाडीने सोमवारी ऑफिसला जायचं असेल तर अ‍ॅक्सिलरेटर जरासा उचला, नऊ शतांशांसाठी गिअरबॉक्स उघडायची वेळ आणू नका.

आणि ती भयंकर चूक, दुसऱ्यातून तिसरा टाकताना हात डावीकडे राहून पहिला पडणं. ७७ मैलांना पहिला गिअर म्हणजे इंजिनला साडेअकरा हजार आरपीएम. लिमिटर इथे काही करू शकत नाही, कारण इंजिन पेट्रोलने फिरत नाहीये, चाकं त्याला फिरवतायत. व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतात आणि विषय संपतो. यावर उपाय हाताची पकड: दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना तळहात उघडा ठेवून नॉब फक्त पुढे ढकलायचा, मधली स्प्रिंग त्याला स्वतःच तिसऱ्याच्या समोर आणते. मुठीत आवळून उजवी-डावी ओढाओढ केली की घोळ.

ऑटोमॅटिक असेल तर

इथे कष्ट कमी, पण लोक समजतात तसं नुसतं दाबून बसणं नाही. पहिलं तापमान. गिअरबॉक्सचं तेल तापलं की शिफ्ट ढिले होतात आणि पुढची गाडी निघेपर्यंत लाइनीत इंजिन चालू ठेवून बसलात तर ते तापतंच. इंजिन बंद करा, बॉनेट उघडा, लाइन सरकली की ढकला. सगळे तेच करतात, लाजायचं काही कारण नाही.

बर्नआऊट तसाच, फक्त डी मध्ये न ठेवता स्टीअरिंगमागच्या पॅडलने दुसरा किंवा तिसरा धरा. स्टेज झाल्यावर डाव्या पायाने ब्रेक, उजव्याने हळूहळू अ‍ॅक्सिलरेटर, इंजिन १५०० ते २००० पर्यंत न्या. कन्व्हर्टर ताणला जातो, मागून गाडी जरा बसते, सगळ्या जोडांमधली ढील निघून जाते. याच्यापुढे गेलात तर मागची चाकं ब्रेकला न जुमानता ढकलायला लागतात आणि गाडी लाइटमधून पुढे सरकते. शेवटचा पिवळा दिवा बघून ब्रेक सोडा आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण. एकदम पूर्ण दाबून टायर फिरत असेल तर पहिल्या सेकंदभरात हळू दाबत पूर्ण करा, साध्या टायरवर हाच फरक दीड-दोन दशांशांचा असू शकतो. गाडीत लॉन्च कंट्रोल किंवा ड्रॅग मोड असेल तर आधी त्याने रन करा, मग स्वतःच्या पायाने, आणि चिठ्ठ्या शेजारी ठेवून बघा. टायर आणि ट्रॅक चांगला असेल तर कॉम्प्युटर जिंकतो, ट्रॅक निसरडा असेल तर बऱ्याचदा पाय. शिफ्ट मात्र गाडीलाच करू द्या. पॅडलने स्वतः करायला गेलात की लिमिटरला लागता.

गाडी खास रेससाठी असेल तर कन्व्हर्टर बदलणं हा सगळ्यात मोठा फायदा. स्टॉल स्पीड म्हणजे चाकं धरून ठेवली तर इंजिन कितीपर्यंत वर जाईल तो आकडा. साध्या गाडीत तो खाली असतो, २००० च्या आसपास, म्हणजे तुमचं इंजिन जिथे ताकद करतं त्याच्या कितीतरी खाली. ३५०० चा कन्व्हर्टर टाकला की गाडी निघतानाच इंजिन कामाच्या पट्ट्यात. पण हावरटपणे फार वरचा घेतला तर शेवटपर्यंत घसरतो, ६० फूट छान दिसतात आणि शेवटचा स्पीड पडतो. कन्व्हर्टर विकणाऱ्याला गाडीचं वजन, अ‍ॅक्सल, टायर, इंजिनची ताकद कुठे येते हे सगळं खरंखरं सांगा, ४०० हॉर्सपॉवरला ५०० सांगितलेत तर चुकीचा माल येणार.

ट्रान्सब्रेक याच्याही पुढची गोष्ट. गिअरबॉक्समध्ये पहिला गिअर आणि रिव्हर्स एकाच वेळी लावून गाडी जागच्या जागी जखडायची, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण, बोट स्टीअरिंगवरच्या बटणावर. बटण सोडलं की रिव्हर्स सुटतो आणि गाडी निघते. पाय नाही, अंदाज नाही, दर वेळी तंतोतंत तेच. २०१८ च्या डॉज डीमनमध्ये हे कंपनीतून आलं, तशी ती पहिलीच रस्त्यावरची गाडी, आठ गिअरची ऑटोमॅटिक, पाव मैल ९.६५ सेकंद. पुढे २०२३ ची डीमन १७० आली ती ८.९१. दोन्हींना मॅन्युअलचा पर्यायच नाही. त्याआधी २०१५ च्या हेलकॅटला मॅन्युअल मिळायची, पण डॉजने जाहिरातीत मिरवलेली ११.२ सेकंदांची वेळ ऑटोमॅटिकचीच. २०२० पासून कॉर्व्हेटलाही क्लच पेडल नाही. कंपन्यांना काय कळलंय ते यातून दिसतंच.

मग मॅन्युअलवाले सगळे वेडे का?

नाही हो. रॉनी सॉक्सला सत्तरच्या दशकात चार गिअरचा बादशहा म्हणायचे, सॉक्स अँड मार्टिनच्या प्लिमथमध्ये त्याचा हात इतका साफ होता की समोरच्याला वाटायचं याने गिअर बदललाच नाही. आजही प्रो स्टॉक या व्यावसायिक वर्गात पाच गिअर आणि क्लच आहे, गाडी साडेसहा सेकंदांच्या आसपास जाते. पण तो क्लच म्हणजे आपला क्लच नव्हे, दर रनला उघडून प्लेटा मोजतात, वजनं बदलतात, ट्रॅकचं तापमान बघून स्प्रिंगचा ताण ठरवतात. आणि टॉप फ्युएल या सगळ्यात फास्ट वर्गातल्या गाड्यांना तर गिअरच नसतात! इंजिनपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत थेट, मध्ये फक्त अनेक प्लेटांचा क्लच जो टप्प्याटप्प्याने चिकटत जातो, आणि मागे सरकायला एक रिव्हर्स. ३३० मैलांच्या वर जाणाऱ्या गाड्या, २००८ पासून त्यांना १००० फूटच ट्रॅक देतात.

उलट दुसऱ्या टोकाला जनरल मोटर्सची पॉवरग्लाइड, १९५० ते १९७३ बनलेली दोनच गिअरची ऑटोमॅटिक, आजही ड्रॅग गाड्यांमध्ये ठासून भरलेली. दोन गिअर का पुरतात? गाडी हलकी, ताकद भरपूर, पहिला गिअर १.७६ किंवा १.८२ चा, त्यामुळे टायर उधळत नाही, आणि बदल एकच. जड गाडीला मात्र जनरल मोटर्सचीच तीन गिअरची टर्बो ४०० बरी, तिचा पहिला २.४८. म्हणजे जास्त गिअर तेवढं फास्ट असंही नाही, वजन आणि ताकदीवर आहे.

ब्रॅकेट रेसिंगला जायचं असेल तर मी चर्चाच करणार नाही, ऑटोमॅटिक घ्या. तिथे तुमची गाडी किती सेकंदांत जाईल हे तुम्हीच आधी काचेवर लिहून देता, हळू गाडीला त्या फरकाने आधी सोडतात, आणि लिहिलेल्यापेक्षा फास्ट गेलात तर बाद. १४ सेकंदांची गाडी १० सेकंदांच्या गाडीला आरामात हरवते. इथे दर वेळी तीच वेळ काढणं हेच कौशल्य आणि डाव्या पायाने सलग दहा रनला एक शतांशात राहणारा माणूस विरळा.

एक गंभीर गोष्ट. क्लच आणि गिअरबॉक्स तुमच्या पायाशेजारी फिरतात. १९७० च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर प्रसिद्ध रेसर डॉन गार्लिट्सच्या ड्रॅगस्टरचा (लांबडी, खास ड्रॅगसाठी बनवलेली गाडी) दोन गिअरचा गिअरबॉक्स सुटतानाच फुटला, उजव्या पायाचा काही भाग गेला आणि गाडीचे दोन तुकडे झाले. त्यानंतर त्याने इंजिन पाठीमागे असलेली गाडी बनवली, १९७१ ची विंटरनॅशनल्स ही एनएचआरएची मोठी रेस जिंकली आणि सगळे ड्रॅगस्टर हळूहळू तसेच झाले. म्हणून मॅन्युअल गाडी जोरात पळवायची असेल तर प्रमाणित फ्लायव्हील, क्लचभोवती स्टीलची बेलहाउसिंग आणि प्रॉपेलर शाफ्टला लूप, हे इंजिनच्या सामानाआधी. ऑटोमॅटिकलाही वेगवान गाडीत गिअरबॉक्सवर ब्लँकेट आणि प्रमाणित फ्लेक्सप्लेट लागते. कुठल्या वेळेला काय सक्तीचं हे ट्रॅकच्या रूलबुकात बघा, तपासणीवाला परत पाठवतो तेव्हा वाद घालून उपयोग नसतो.

आपल्याकडे भारतात

लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन या ड्रॅग रेसला गेला असाल तर डीएसजीवाल्या ऑक्टाव्हिया आणि पोलोंची गर्दी बघितली असेल. डीएसजी, म्हणजे फोक्सवॅगन-स्कोडाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ही तिसरीच जात. आत दोन क्लच, त्यामुळे गिअर ऑटोमॅटिकसारखे न तुटता पडतात, पण कन्व्हर्टर नाही म्हणून सुरुवातीला टॉर्क वाढून मिळत नाही, लॉन्च क्लचसारखाच, फक्त घासायचं काम कॉम्प्युटर करतो. शिवाय पुढच्या चाकांची गाडी, निघताना वजन मागे जातं आणि पुढचे टायर फिरतात. म्हणून इथे पहिला पैसा पुढच्या टायरवर. लॉन्च कंट्रोलला ट्रॅक्शन बंद, एस मोड, डावा पाय ब्रेकवर घट्ट, उजवा पूर्ण दाबून आरपीएम स्थिर झाले की लगेच सोडा, तिथे चार सेकंद धरून मित्राला व्हिडिओ काढायला लावू नका, क्लच तेवढ्यात शिजतो. सात गिअरचा कोरड्या क्लचवाला डीएसजी असेल तर सलग लॉन्च मारूच नका. सहा गिअरचा ओला क्लचवाला सहन करतो, पण त्याचं तेल आणि फिल्टर वेळेवर बदला, ट्रॅकवर जाणाऱ्याने कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या आधीच. आणि ट्यूनरने इंजिनचा टॉर्क वाढवून दिला असेल तर गिअरबॉक्सचंही ट्यून करून घ्या, नाहीतर क्लचवर दाब जुनाच राहतो आणि चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये आरपीएम वर, गाडी तिथेच.

जी गाडी आहे तीच घेऊन जा पहिल्यांदा, फक्त ट्रॅकवर, हायवेवर किंवा रिंगरोडवर नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, टायरची हवा नाहीतर लॉन्चचा आरपीएम, दोन्ही एकदम नको. चिठ्ठीच्या मागे पेनाने हवा, आरपीएम, हवामान लिहा. आणि घरी आल्यावर आधी ६० फुटांचा रकाना बघा, २.१ च्या वर असेल तर अजून हॉर्सपॉवर विकत घेऊ नका.